दूध संस्था कुठल्या प्रकरणात येते?

आमच्या घरी दोन म्हशी होत्या आणि त्यांचं दूध दुसऱ्याच्या नावावर जायचं. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, म्हणजे काय? म्हणजे एवढंच, की पहाटे आई धार काढायची, किटली घेऊन गावातल्या दूध संस्थेत जायची, रांगेत उभी राहायची आणि सचिवानं नाव विचारलं की चेअरमनच्या पुतण्याचं नाव सांगायची. पुतण्याच्या दारात म्हैस सोडाच, शेळीसुद्धा नव्हती. तो कोल्हापुरात मोबाइलचं दुकान चालवायचा. पण सभासद तो होता, आणि संस्था दूध सभासदाचंच घ्यायची. दुधाचं बिल त्याच्या खात्यावर, पेंडीचं पोतं त्याच्या नावावर, दिवाळीला दरातला जो फरक मिळतो तोही त्याचाच. बिलाचे पैसे तो त्याच्या सवडीनं आणून द्यायचा, फरक ठेवून घ्यायचा आणि वर म्हणायचा, "नाव वापराय दिलंय की तुम्हास्नी!"

आबा, म्हणजे माझे वडील, गुऱ्हाळावर कढईखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारायचे. हंगामात त्यांच्या भुवया कायम करपलेल्या असायच्या, आणि हंगाम संपला की ते नुसतेच बसून असायचे. राधानगरीच्या वाटेवरचं आमचं गाव, पाऊस असा की चार महिने मजुराला काम नाही. त्या चार महिन्यांत घर म्हशींवर चालायचं. माझी फी, आबांच्या छातीचं औषध, सगळं त्या किटलीतून. आणि ती किटली आमची नव्हती.

आईनं सभासद होण्यासाठी अर्ज केला नव्हता असं नाही. तीन वेळा केला. चेअरमन प्रत्येक वेळी कागद खिशात घालायचा आणि म्हणायचा, "बघूया की, ए बाय. घाई काय हाय?" आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडेला. वस्तीतलं एकही नाव सभासदांत नव्हतं. वरच्या वाडीतल्या काही भूमिहीन घरांचीही तीच गत. कारण कुणी तोंडानं सांगत नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

सत्ता म्हणजे काय हे मला पहिल्यांदा सिनेमानं शिकवलं, आणि खोटं शिकवलं. गणपतीत संस्थेसमोर पडदा बांधायचे. वर्गणीतला मोठा हिस्सा चेअरमनचा, त्यामुळे सिनेमा त्याच्या आवडीचा, आणि त्याला आवडायचे राजकारणावरचे सिनेमे. त्यातला पुढारी लांबून ओळखू यायचा. पांढरे कपडे, फिरती खुर्ची, तोंडात पान, मागं दोन दांडगे. तो पहिल्या अर्ध्या तासात कुणाला तरी मारायचा. मग शेवटी एक तरुण चौकात उभा राहून मोठ्यानं बोलायचा, लोक जागे व्हायचे आणि पुढारी संपायचा. आम्ही खाली पोत्यावर बसून शिट्ट्या मारायचो. चेअरमन पुढं खुर्चीवर बसून आमच्याहून मोठी शिट्टी मारायचा. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण सिनेमातल्या पुढाऱ्यात आणि त्याच्यात मला काही साम्यच दिसत नव्हतं. आमचा चेअरमन कुणाला मारायचा नाही. कुणाच्याही मयताला सगळ्यांच्या आधी यायचा. आईला ताप आला तेव्हा त्यानं स्वतःची गाडी दिली होती. आणि तिचा अर्ज खिशात ठेवला होता.

मी बारावीला असताना गावात शूटिंग आलं. कोल्हापूरच्या आसपासच्या गावांना ह्याचं कौतुक कमी, पण आमच्या गावात ते पहिल्यांदाच. दुष्ट आमदाराचं घर म्हणून त्यांना एक बंगला हवा होता, आणि तसा बंगला गावात एकच. चेअरमननं फुकट दिला. एवढंच नाही, आमदाराच्या दारावर चाल करून जाणारा जमाव म्हणून माणसंही पुरवली. आमची सगळी वस्ती ट्रॅक्टरमध्ये भरून नेली.

एक सहायक दिग्दर्शक भोंग्यावरून ओरडत होता. "काका, असं नाही! अजून चिडून! ह्या माणसानं तुमचं सगळं खाल्लंय असं समजा!"

समजायला फारसं लागलंच नाही. आबा पुढच्या रांगेत होते. कधी कुणापुढं आवाज न चढवलेला माझा बाप त्या फाटकाला धरून गदागदा हलवायला लागला. मानेच्या शिरा वर आल्या होत्या. "बाहेर ये! बाहेर ये की रं, भाड्या!" भाड्या हा शब्द संवादात नव्हता. मागच्या बायकाही सुरू झाल्या. ज्या शिव्या आमच्या वस्तीत अंथरुणात पडल्या पडल्या दिल्या जायच्या त्या सगळ्या त्या दिवशी उघड्यावर आल्या. आणि वर गॅलरीत, कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोपऱ्यात, चेअरमन बशीतून चहा पीत उभा होता.

"कट!" म्हटल्यावर तो टाळ्या वाजवत खाली आला. "झ्याक! अगा, तू तर हिरोच की रं!" म्हणून आबांच्या पाठीत थाप मारली. आबा हसले. मग सगळ्यांना मसालेभात वाढला, आणि संध्याकाळी आई किटली घेऊन रांगेत उभी राहिली, पुतण्याचं नाव सांगायला.

त्या सिनेमात आमदार त्याच बंगल्याच्या जिन्यावर मरतो. पुढं कितीतरी दिवस पाहुणे आले की चेअरमन त्यांना तो जिना दाखवायचा. "हितं मारलं बघा मला!" आणि गडगडून हसायचा. मला वाटतं, ह्या माणसाला सिनेमा आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला कळला होता. लोकांना वर्षातून एकदा फाटक हलवू द्यावं, भात द्यावा. उरलेले दिवस ते फाटकाकडं बघत नाहीत.

बारावीनंतर मी कोल्हापूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीही झालेलं नव्हतं. मला वाटलं, सिनेमात नाही ते पुस्तकात असणार. पुस्तकात लोकसभा होती, राज्यसभा होती, दोन्हींतला फरक पाच गुणांना होता. राष्ट्रपतीचे अधिकार होते. इंग्लंडच्या राणीला काय करता येतं आणि काय येत नाही हे मला तोंडपाठ होतं. पंचायत राज्याचं एक प्रकरण होतं, त्यात ग्रामसभा अशी काही रंगवली होती की आमच्याच गावचं नाव त्यावर कुणी लिहिलं असतं तर मी ओळखलं नसतं.

एक दिवस सर सत्तेची व्याख्या सांगत होते. सांगत होते म्हणजे लिहून देत होते, आम्ही उतरवून घेत होतो. मी हात वर केला.

"सर, दूध संस्था कुठल्या प्रकरणात येते?"

वर्ग हसला. सरांनी चष्मा वर केला. "कुठली संस्था?"

"दूध संस्था, सर. गावातली. आमच्याकडं सत्ता तिथं हाय."

"ते सहकारात येतं," सर म्हणाले. "कॉमर्सला विचारा." आणि पुढची व्याख्या सुरू केली.

त्या 'हाय'वर मागच्या बाकावरच्या पोरी वर्षभर हसल्या. हसू देत. त्यांच्यातल्या निम्म्या गावाकडच्याच होत्या, शहरात येऊन 'आहे' म्हणायला शिकल्या होत्या एवढंच. पण सरांचा राग माझ्या डोक्यात अजून आहे. ज्या जिल्ह्यात आमदार व्हायचा रस्ता दूध संस्थेच्या दारातून जातो, त्या जिल्ह्यात बसून हा माणूस तीस वर्षं इंग्लंडची राणी शिकवत होता.

तरी शिकले, कारण पदवी घ्यायचीच होती. आणि पुस्तकांत न सापडल्यावर मी, शहाणी, परत सिनेमाकडं वळले. तिसऱ्या वर्षाला असताना संस्थेची वार्षिक सभा आली. आमच्याकडं ही सभा कशी चालते ते सांगायला हवं. सचिव विषय वाचायला लागतो. "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त..." एवढ्यात पुढच्या सतरंजीवरची माणसं ओरडतात, "मंजूऽऽर!" वाक्य पुरं होत नाही. विषय दोन, मंजूर. विषय तीन, मंजूर. चहाचं आधण उकळायच्या आत वर्षाचा कारभार मंजूर होतो.

मी सभासद नव्हते, आईही नव्हती. पण मंडप उघडा होता, बाहेर सगळा गाव उभा असतो. आईला न विचारताच मी आत घुसले आणि माइक घेतला. बोलले. काय बोलले ते सगळं आठवतंय, पण इथं लिहायची लाज वाटते, कारण त्यातलं अर्धं पडद्यावरून उचललेलं होतं. हात वर करून, थांबून थांबून. ज्याची म्हैस त्याचं मत नाही आणि ज्याचं मत त्याची म्हैस नाही, असं काहीतरी. आईचे तीन अर्ज कुणाच्या खिशात आहेत ते विचारलं. मंडपात शिट्ट्या वाजल्या. मागून कुणी "वाघीण!" म्हणून ओरडलं. मला वाटलं, झालं. लोक जागे झाले.

चेअरमननंही टाळ्या वाजवल्या. मग शांतपणे माइक परत घेतला. "लई झ्याक बोलली पोरगी. शिकलेली हाय, गावचं नाव काढील. हं, सचिव, विषय चार."

"विषय क्रमांक चार..."

"मंजूऽऽर!"

ज्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या तीच तोंडं.

दुसऱ्या दिवशी माझ्या भाषणाची क्लिप गावाच्या ग्रुपवर फिरत होती. कुणीतरी मागं ढोल-ताशा घातला होता आणि वर डरकाळी फोडणारी वाघीण चिकटवली होती. चेअरमननं खाली अंगठा टाकला होता. आणि त्याच सकाळी संस्थेत सचिवानं आईची किटली उघडली, नाक लावलं आणि म्हणाला, "वास येतोय."

"कसला वास? आत्ता काढलंय दूध."

"येतोय म्हणतोय न्हवं? न्या माघारी."

संध्याकाळी परत वास. दुसऱ्या दिवशीही वास. आई किटली घेऊन घरी आली आणि माझ्यासमोर ठेवली. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "टाळ्या वाजवल्या न्हाईत व्हय गं लोकांनी? जा, त्येंच्यात वाटून ये हे दूध."

दोन म्हशींचं दूध घरात पडून राहिलं की काय होतं ते ज्याच्या घरी झालंय त्यालाच कळेल. दही लावलं, तूप कढवलं, मी एसटीतून डबे नेऊन कॉलेजजवळच्या खानावळींत विकले. हायवेला एका खाजगी डेअरीचा टेम्पो यायचा, त्याला घालायला लागलो. तो भाव पाडून घ्यायचा. वर आबांचा हंगाम संपलेला. एक म्हैस विकायची भाषा घरात सुरू झाली. कितीतरी दिवस आई माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आणि मग एका संध्याकाळी पुतण्या आला. मोटरसायकल वस्तीच्या बाहेरच लावून, चालत.

"काकू, उद्यापासनं परत घाला की दूध माझ्या नावावर."

आई शेण भरत होती. मान वर न करता म्हणाली, "वास येतोय की त्याला."

"ते सोडा ओ. चेअरमनकाका रागात बोलला सचिवाला. मी बोललोय त्येच्याबरं. आन् ह्या दिवाळीचा फरक तुम्हीच ठिवा, जावा."

तो गेला. आई म्हणाली, "देव पावला." मला मात्र ते खुपायला लागलं. ज्यानं कधी पसाभर पेंड सोडली नाही तो फरक सोडतो? आम्हाला त्याची गरज होती हे कळत होतं. त्याला आमची काय गरज?

हे मला ना सिनेमात सापडलं असतं ना राज्यशास्त्रात. कोर्टाजवळ कायद्याच्या पुस्तकांची दुकानं आहेत, तिथं मी विचारलं, दूध संस्थेच्या नियमांचं काही मिळतं का. दुकानदारानं धूळ झटकून एक पातळ पुस्तक दिलं. संस्थेचे पोटनियम. मुखपृष्ठावर चित्र नाही, आत एक वाक्य धड वाचवत नाही. एसटीत बसून वाचायला लागले, आणि गाव येईपर्यंत मला उत्तर मिळालं होतं. सभासदानं वर्षात ठरलेले दिवस संस्थेला दूध घालावं लागतं. नाही घातलं तर सभासद राहतो, पण मत जातं. आणि संचालक मंडळाची निवडणूक त्याच वर्षी होती.

मी एसटीतच हिशेब लावला. पुतण्याला म्हैस नाही. चेअरमनच्या मेहुण्याला नाही. मुंबईला राहणाऱ्या दोघा चुलतभावांना नाही. ह्या सगळ्यांच्या नावावर कुणाचं दूध जातं? आमच्या वस्तीचं आणि वाडीचं. चेअरमन ज्या मतांवर निवडून यायचा ती मतं आमच्या बायका रोज पहाटे किटलीत भरून, डोक्यावर घेऊन, स्वतःच्या पायांनी त्याच्या दारात नेऊन ओतत होत्या. तक्रार करता आली असती. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत म्हशी म्हाताऱ्या झाल्या असत्या. ओतायचं थांबवलं की झालं.

आईला सांगितलं. ती पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं करत राहिली, तिला वाचता येत नाही. मग म्हणाली, "खरं हाय न्हवं हे? का ह्ये बी पिच्चरातलं?"

"खरं हाय."

"मग तू गप ऱ्हा. तू बोललीस की लोक टाळ्या वाजवत्यात. मी बोलतो."

वस्तीतल्या विहारात बायका जमल्या, वाडीवरच्याही आल्या. शेजारची म्हातारी माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्या बयेच्या भाषणापायी तुमची म्हस विकायची पाळी आली. आता आमच्या बी गोठ्यावर उठलीस व्हय गं?"

"तिचं भाषण खड्ड्यात घाला," आई म्हणाली. "मी इचारतो त्येवढंच सांगा. आपल्या दुधाबिगार त्येंला मत न्हाय. मग आपण फुकट का द्यायचं?"

"टेम्पोवाला भाव देत न्हाय."

"न्हाय देत. निवडणूक होईस्तवर कळ काढायची. आपलं नाव लागल्याबिगार त्या दारात किटली न्यायची न्हाय."

भांडणं झाली. दोघीजणी उठून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेल्याही. पण बाकीच्या राहिल्या. सगळ्यांचे अर्ज मी लिहिले, ह्या वेळी चेअरमनच्या हातात न देता टपालानं पाठवले, पोच घेऊन.

चेअरमन आधी हसला. "चार दिस जाऊ द्यात. दूध काय तिजोरीत ठिवत्यात व्हय?" आणि नेमका पाऊस त्याच्या बाजूचा. ओढ्याला पाणी चढलं, टेम्पो सलग दोन दिवस आलाच नाही. वस्तीत दारोदार भरलेल्या किटल्या. म्हातारी माझ्या दारात येऊन मला, माझ्या कॉलेजला आणि माझ्या पुस्तकाला एकत्र शिव्या देऊन गेली. आईनं सगळ्यांच्या चुली पेटवायला लावल्या. दिवसभर बायकांनी खवा आटवला. हाताला फोड आले, धुरानं डोळे सुजले. पाणी उतरल्यावर मी आणि आबा तो खवा कोल्हापुरात पेढेवाल्यांना विकून आलो. भाव बरा मिळाला, टेम्पोपेक्षा चांगला. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं किटली आमच्या दारात आणून ठेवली.

मग चेअरमन आला. आमच्या घरात तो पहिल्यांदाच आला होता. खाली घोंगड्यावर बसला. चहा मागून घेतला.

"वैनी, असं बरं न्हवं. घरातलं भांडण चव्हाट्यावर न्यायचं न्हाय."

'ए बाय'ची 'वैनी' झाली होती. आई उंबऱ्यात बसून होती.

"घरातलं म्हंता न्हवं? मग घरात घ्या की."

"मी कवा न्हाय म्हणालो? ह्या खेपेला तुमचं एकटीचं नाव घिऊया. बाकीच्यांचं पुढल्या वर्सी बघू. उद्यापासनं तेवढ्या किटल्या सुरू करा."

मला वाटलं, आता आई हो म्हणणार. हेच तर हवं होतं आईला. तीन अर्ज केले होते तिनं, म्हैस विकायला निघाली होती. कुठल्याही सिनेमात ह्या जागी आईनं मोठं भाषण केलं असतं. आईनं चहाची कपबशी उचलली.

"सगळ्यांची घ्या. न्हाय तर माझं बी नगं," ती म्हणाली. "आन् तिसरा महिना सरत आलाय अर्जाला."

शेवटचं वाक्य माझं होतं, मी तिला सांगून ठेवलेलं. तीन महिन्यांत संस्थेनं उत्तर दिलं नाही तर अर्जदार सभासद झाला असं कायदा धरतो. चेअरमननं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. त्याची ती नजर मी पदवीइतकीच जपून ठेवली आहे.

त्याला सुधारला म्हणून कुणी लिहू नये. त्यानं मतांची मोजदाद केली, दुसरं काही नाही. आम्ही न घातलेल्या प्रत्येक दिवसाबरोबर त्याच्या गोतावळ्याची मतं गळत होती. त्यापेक्षा आम्हाला आत घेऊन आपल्या बाजूला वळवणं त्याला स्वस्त वाटलं असणार. सभासद करून घेतल्याच्या दिवशी त्यानं सगळ्या बायकांना गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, 'महिलांना न्याय.' आजही तो प्रचारात सांगतो की आमच्या संस्थेत जातपात नाही, मीच मोडली. लोक टाळ्या वाजवतात.

निवडणुकीत तो निवडून आला. दुधाचे दिवस न भरल्यानं त्याचा पुतण्या मतदान करू शकला नाही, मेहुणाही नाही, पण चेअरमन आला, मागच्यापेक्षा कमी मतांनी. मी पहिल्या वर्गात पदवी पास झाले. आई सभासद आहे, वस्तीतल्या आणि वाडीवरच्या अर्ज केलेल्या सगळ्या बायका सभासद आहेत, आणि सभासद झाल्या दिवसापासून आमच्या म्हशींचं दूध आईच्या नावावर जातं.